वाढ नाही

ताईच्या गुडघ्यातलं पाणी तपासायला माझ्याच प्रयोगशाळेत आलं, तेव्हा मला जरा बरंच वाटलं. कृत्रिम सांधा बसवून वर्ष होत आलं तरी गुडघा तव्यासारखा तापत होता. जंतू कोणता ते कळलं, की औषध ठरतं, सांधा बदलता येतो. नाही कळलं तर पाय कापायचा, हे सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं.

ताटलीत जंतूंचं खाद्य असतं. त्यावर थेंब पसरायचा आणि उबेच्या पेटीत ठेवायचं; जंतू असले तर ठिपके उगवतात. ताईच्या ताटल्या कोऱ्याच राहिल्या.

"खरं सांग, जंतू मारायच्या गोळ्या खाल्ल्यास?"

"दोनच गं. मागच्या उरलेल्या. पाणी काढताना गुडघा जरा शहाण्यासारखा दिसावा म्हणून."

"आम्ही चोर धरायला आलो आणि तू त्याला माळ्यावर लपवलंस."

ती हसली. गोळ्या बंद करून, थांबून, पुन्हा पाणी काढलं. गढूळ, पिवळट. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींची झुंबड. त्या कुणाशी लढत होत्या, ते दिसेना.

ताटल्या पुन्हा कोऱ्या.

मग शेजारच्या ताटलीकडे लक्ष गेलं. दुसऱ्या पेशंटचा पू होता, काल त्यावर ठिपके उगवले होते. आज नव्हते. त्या कप्प्यातल्या सगळ्याच ताटल्या पुसून घेतल्यासारख्या. मी पेटीची ऊब तपासली, खाद्य नवं केलं. शेवटी न धुतलेलं बोट एका ताटलीवर दाबून ती ताईच्या ताटलीला खेटून ठेवली. माणसाच्या बोटावरून काहीतरी उगवतंच.

काही उगवलं नाही.

"मॅडम, मला जंतूचं नाव हवंय," सर्जन म्हणाले. "गोष्टी नकोत."

पाय कापला.

ताप उतरला. आठवड्याने ताईला घरी आणलं, कुलूप काढलं, पलंगावर निजवलं. चादर सारखी करताना माझा हात तिच्या खुब्याला लागला.

तापलेला.

"आता तिथलंही पाणी काढणार?"

"काढू."

"आणि नाहीच सापडलं तर?"

मी चादर खोचत राहिले. पलंगाखाली पेला हाताला लागला. ऑपरेशनला निघालो त्या सकाळचं, तिने अर्धवट टाकलेलं दूध. भर उन्हाळा, बंद घर. मी श्वास रोखूनच तो उचलला.

मग हुंगला. वास नव्हता. फाटलंही नव्हतं.

"आण की इकडे, घसा सुकलाय," म्हणत ताईने पेला ओढून घेतला आणि मी अडवायच्या आत रिकामा केला.

"छान कोमट आहे," ती म्हणाली.