उजवी बाजू वर

दिवा जरा कमी करा. आणि सुया खाली ठेवा, नाहीतर मध्येच बोट टोचून घ्याल आणि बोल मला लावाल.

ही गोष्ट गेंकिची मास्तरांची. आपल्याच स्टुडिओच्या कपडेखात्यात, त्या खिडकीशी बसून त्यांनी तीस वर्षं शिवणकाम केलं. मी त्यांच्या शेजारी बसायचो. साल अडुसष्ट, बारा नोव्हेंबर, मंगळवार. क्योतोच्या पश्चिमेला, हिरोसावा तळ्याच्या बांधावर भुतांच्या सिनेमाचं शूटिंग होतं. सव्वीस भुतं एका ओळीने धुरात चालत जायची, एवढाच प्रसंग. एका पायाची छत्री, लांब मानेची बाई, एकडोळ्या भिक्षू... तुम्हाला काय सांगायचं, रोज त्यांचेच कपडे शिवता.

एकडोळ्या भिक्षू म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ, शोहेई. अंगाने बुटका, नोकरी कुठे टिकेना, म्हणून मास्तरांनीच शब्द टाकून त्याला त्या मुखवट्यात घुसवला होता. निघताना आई मास्तरांना म्हणाली होती, "गारठा आहे. त्याला बरोबर घेऊनच ये. मागे सोडून येऊ नकोस." शोहेई बत्तीस वर्षांचा घोडा, पण म्हातारीच्या लेखी अजून शाळेतला.

दिग्दर्शकाला भिक्षूच्या अंगावर पांढरा किमोनो हवा होता, उजवी बाजू वर घेतलेला. प्रेताला घालतात तसा; जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. जिवंत माणसाला असा किमोनो घातला, तर आपल्या खात्याचा एक दंडक होता. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा, डावी बाजू वर घेऊन पुन्हा बांधायचा, पाठीवर थाप मारून नावाने हाक मारायची. तोवर त्या माणसाला दिव्यांच्या उजेडाबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही. मास्तर यात कधी चुकले नव्हते.

रात्री दहा चाळीसला तिसरा टेक फुकट गेला. शोहेई मास्तरांपाशी आला. "दादा, जरा बांधामागे जाऊन येतो."

"थांब, आधी बदलून देतो."

"आणि परत हेच बांधशील ना? तुझी गाठ सुटेपर्यंत माझी इथेच पंचाईत व्हायची."

तेवढ्यात सहायक दिग्दर्शकाने हाक दिली, "मास्तर, आटपा लवकर. भुतांनाही घरी जायचं असतं हो."

सगळे हसले. मास्तरही हसले. "जा, पण लगेच ये," म्हणाले.

दोन मिनिटांत तो अंधारातून परत आला आणि ओळीत उभा राहिला. चौथा टेक झाला. झकास झाला. "कट" ऐकल्यावर पंचवीस जण थांबले, मुखवटे काढून चहाकडे वळले.

भिक्षू चालतच राहिला.

"शोहेई, झालं रे." मुखवट्यात ऐकू गेलं नसेल, असं मास्तरांना वाटलं. ते मागे धावले. दिव्यांचा उजेड मागे पडला. पुढे नुसतं धुकं. त्यांनी त्याचा कमरपट्टा धरला. तो थांबला. वळला मात्र नाही.

"हलू नकोस. सोडतो."

मास्तर समोर गेले. गाठ त्यांचीच होती. सुटली. त्यांनी किमोनो बाजूला केला. आत आणखी एक पांढरा किमोनो. उजवी बाजू वर. गाठ मास्तरांचीच...

त्यांनी त्याला तर एकच घातला होता.

दुसरी गाठ सोडली. आत तिसरा. मग चौथा. तेच कापड. तीच गाठ. मास्तर सोडत गेले. पायाशी ढीग झाला. बोटं सोलली. आत अंग काही लागेना...

"शोहेई."

उत्तर आलं. मुखवट्यातून नाही. लांबून, तळ्याच्या मध्यावरून.

"दादा... अजून किती आहेत?"

"थांब रे राजा. सोडतोय ना..."

"हात पोचत नाहीत रे माझे."

मास्तर सोडत राहिले. रडत रडत सोडत राहिले. दुसरं करणार काय? पळता येईना, ओरडता येईना. प्रत्येक गाठीला आवाज आणखी लांब गेला. मग...

मग काही नाही.

पावणेबाराला लोक कंदील घेऊन आले. मास्तर चिखलात गुडघ्यांवर बसले होते. मांडीवर मुखवटा. हातात किमोनो, एकच. त्याची गाठ बांधलेली होती, आणि मास्तरांची बोटं ती सोडायला धडपडत होती. लोकांनी रात्रभर तळ्यात गळ टाकले. पुढे तीन दिवस शोधलं. काही लागलं नाही.

पहाटे चारला कोणीतरी मास्तरांना घरी आणून सोडलं. ते दारातच उभे राहिले. आईला कुठल्या तोंडाने सांगायचं? तेवढ्यात आतून तीच म्हणाली, "किती उशीर. तो केव्हाचाच आलाय. न जेवताच झोपला. हळू ये, जागा होईल."

मास्तरांनी शोहेईच्या खोलीचं दार सरकवलं. अंथरूण घातलेलं होतं. त्यात कोणी नव्हतं. आई, मी त्याला मागे सोडून आलो... एवढंच सांगायचं होतं. ते खाली बसले आणि त्यांनी पांघरुणाखाली हात घातला.

अंथरूण गरम होतं.