उभ्या जागी फिरणारा बाण

तो मुलगा चक्क हरवला होता आणि ते कबूल करायला मात्र तयार नव्हता. ढाणकीपलीकडच्या जंगलात, पळस ऐन बहरात असताना, मोहाच्या झाडाखाली हातातल्या जीपीएसवर डोळे वटारून तो उभा होता. आपल्या बंजारा तांड्याकडे परतणाऱ्या ममताला हसू आवरेना.

"काय शोधून राह्यले?"

"गाडी. तिची जागा यात घेऊन ठेवली होती... पण बाण नुसता गरगर फिरून राह्यला. बिघडलं वाटते."

ममताकडे कॉलेजचं तसंच यंत्र होतं. तिचे पूर्वज बैलांवर धान्य-मीठ लादून ज्या वाटेने लदेणी न्यायचे, ती वाट ती एम.ए.साठी नोंदवत होती.

"उभ्या जागी तो फिरणारच," ती म्हणाली. "चार पावलं चाला. चालल्याशिवाय त्याले दिशा समजत नाई."

तो चालला. बाण ताळ्यावर आला. ममताचं मन मात्र तेव्हापासून ताळ्यावर आलं नाही.

अंकुर महागावचा. घरी कापूस, सोयाबीन, आणि याला रानात भटकायचा नाद. मग दर रविवारी तो येऊ लागला, लदेणीची वाट शोधायला... निदान सांगायचा तरी तसं. फाटा आला की पुढच्याने दगडाखाली हिरवी डहाळी ठेवायची, म्हणजे मागच्याला वाट कळते, ही ममताचे आजोबा देवसिंग यांची रीत. ममता मुद्दाम पुढे पळायची, डहाळी ठेवायची आणि झाडाआड श्वास रोखून त्याच्या पावलांचा कानोसा घेत राहायची. किती सुखाचे दिवस होते ते.

पुढे तिला पुण्याची नोकरी लागली. निघताना बसच्या खिडकीतून अंकुरने आपलं यंत्र तिच्या हातात दिलं. आता बोलेल, मग बोलेल... ती वाट पाहत राहिली.

"सेल बदलत जा," एवढंच तो म्हणाला. बस निघाली.

दोन वर्षांनी श्रावणात ती तीजेच्या सणासाठी तांड्यावर आली. पोरींनी टोपल्यांत पेरलेला गहू वीतभर वाढला होता, गाण्यांनी तांडा दुमदुमत होता. हिच्या डोक्यात मात्र सोमवार. नोकरी कायम करायची की सोडून यायचं, ते पुण्याला कळवायचं होतं. पण अंकुरच्या मनातच काही नसेल, तर यायचं कोणासाठी? शेवटी तिने मोहाच्या झाडाचे अक्षांश-रेखांश अंकुरला पाठवले आणि खाली फक्त 'रविवारी सकाळी' असं लिहिलं.

रविवारी झिमझिम होती. तो येणार नाही, असं मनाला समजावतच ती फाट्यापर्यंत आली आणि थबकली. दगडाखाली पळसाची डहाळी होती, नुकतीच तोडलेली.

तो झाडाखालीच उभा होता, थोडा वाळलेला, केस ओले.

"तेव्हा काहून नाई बोलला?" तिने विचारलं.

"तुले अडवल्यासारखं झालं असतं..." त्याने खाली पाहिलं, मग सरळ तिच्याकडे. "मले तू पाहिजे, ममता. सोयाबीन निंगालं की मी येतो पुण्याले. नाईतं तू ये. तू म्हणशील तसं. पण हे असं नोको आता."

तिचे डोळे भरून आले. तिने पिशवीतून ते जुनं यंत्र काढून त्याच्यापुढे धरलं. बाण गरगर फिरत होता.

"कुठलं ठिकाण लावलं?"

"तांड्याचं. आजोबा घरीच हायेत."

अंकुरने ओल्या केसांवरून हात फिरवला. "आताच जायचं?"

"उभं राहून दिशा समजत नाई... सांगितलं होतं ना?"

तिने हात पुढे केला. त्याने तो घट्ट धरला आणि दोघं चालू लागले. चार पावलांत बाण तांड्याकडे स्थिरावला. त्याच्याकडे मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं.