अठ्ठाविशीचा नवरदेव

हस्ताचा पाऊस सांगून येत नाही. बारामतीचा बाजार ऐन भरात असताना तो असा काही कोसळला, की माणसं भाजीचे वाटे तसेच टाकून वाट फुटेल तिकडं पळाली. रतनला पळून चालणार नव्हतं. तिच्या गोणपाटावर शिकेकाई होती, रिठे होते, नागरमोथा, आवळकाठी, मेंदीची पूड... भिजलं की सगळं मातीमोल. तिनं पदर खोचला आणि बांबूला गुंडाळलेली ताडपत्री सोडायला हात वर केला. पण दोरीची गाठ काही सुटेना.

"सरा बाजूला, मी सोडतो."

मागून एक लांब हात आला. गाठ सुटली, ताडपत्री सर्रकन खाली आली – आणि तिच्यात साठलेलं घागरभर पाणी त्या माणसाच्याच डोक्यावर ओतलं गेलं.

रतनला हसू आवरेना. तोही हसला, आणि निथळणारा पटका पिळायला म्हणून त्यानं डोक्यावरून काढला. तशी ती हसता हसता थांबली. चेहरा उमद्या गड्याचा, मिशा काळ्याभोर, आणि डोईवरचे केस मात्र ज्वारीच्या लाह्यांसारखे पांढरेफेक!

"हसा की," तो ओशाळून म्हणाला, "समदेच हसत्यात. पंचविशीतच पिकलं. आमच्या घराण्यातच हाय ते."

"मी त्याला न्हाय हसले," रतन म्हणाली आणि उगाच शिकेकाई सारखी करू लागली.

पाऊस थांबेपर्यंत तो ताडपत्रीच्या कडेला अंग चोरून उभा राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "ह्याच्यावर काय विलाज हाय का तुमच्याकडं? पेठंत कलपाची बाटली मिळती, पर दुकानदारानं किंमत सांगितली आन् बाटली आपसूकच माझ्या हातनं फळीवर गेली."

"मेंदी हाय, आवळकाठी हाय. तीन आण्यात काम व्हतंय. रातभर भिजवायचं, सकाळच्याला लावायचं."

"मग अठ्ठावीस वरसांचा दिसंन का मी?"

"अठ्ठावीस?"

"आमच्या चुलत्यानं पोरीच्या बापाला तसं सांगितलंय. इंदापूरचं स्थळ हाय. पंधरवड्यानं बघायला जायाचंय."

"आन् खरं वय किती?"

"पस्तिसावं लागलं."

रतननं कागदाची पुडी बांधली. डोळ्यांतलं हसू लपवत म्हणाली, "सात वरसं झाकायची म्हंजी तीन आण्यात जरा अवघडच हाय, पावणं."

पुढच्या बाजारी तो आला तो पटका भुवयांपर्यंत ओढून. इकडंतिकडं बघत खाली वाकला आणि पटका जरासा वर केला. रतननं तोंडावर पदर दाबला. डोकं झालं होतं शेंदरी – मारुतीरायासारखं!

"ह्यो काळा रंग व्हय?" तो कळवळून म्हणाला.

"कशात भिजवली हुती?"

"जर्मलच्या पातेल्यात."

"अवो, लोखंडाची कढई लागती! लोखंडाबिगर आवळकाठी काळी कशी व्हईल?"

"तुमी सांगितलं न्हाय."

"तुमी इचारलं न्हाय!"

तो मटकन गोणपाटाच्या कडेला बसला. "गुळव्या हाय मी, बाई. कुंडलिक म्हंत्यात मला. उकळत्या काहिलीतला रस नुसत्या वासावर वळखतो – कवा उतरायचा, कवा थांबायचं. कऱ्हेपल्याड आबासाहेबांचं गुऱ्हाळ हाय ना, तितं ह्या हंगामाला मीच हाय. पर तुमच्या ह्या पुडीनं माझी पार अब्रू घेतली."

त्याच्या त्या दीनवाण्या सुरानं रतनला हसूही आलं आणि कसंसंही झालं. आणि तोंडातून निघून गेलं, "उद्या सकाळी घरी या. कढई हाय, आत्याबाई बी हायत. मारुतीच्या देवळामागं छबूबाई माळणीचं घर इचारा, कुणीबी दावंल."

बोलून गेली, आणि दिवसभर स्वतःशीच चडफडत राहिली.

छबूबाई ही रतनची सासू. तिचा एकुलता एक लेक गेणबा, रतनचा नवरा, आठ वर्षांमागं तापानं गेला. तेव्हा रतन बाविशीची होती. माहेरची माणसं न्यायला आली तर ही म्हणाली, "आत्याबाईंस्नी कुणाच्या भरोशावर टाकू?" तेव्हापासून दोघी एकमेकींच्या आधारानं राहत होत्या. परड्यातल्या मेंदीच्या कुंपणावर आणि आवळ्याच्या दोन झाडांवर त्यांच्या चुलीचा धूर निघत होता.

सकाळी कुंडलिक आला. छबूबाईनं त्याला अंगणात पाटावर बसवलं, खांद्यावर जुनं फडकं टाकलं आणि कढईतला काळामिट्ट लगदा त्याच्या डोक्यावर थापायला घेतला. हात चालू, तोंडही चालू.

"आईबाप हायत का रं?"

"न्हाईत. लहानपणीच गेलं."

"बायकू?"

"पाच वरसं झाली. बाळंतपणात गेली... बाळबी गेलं."

छबूबाईचा हात क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, "मानंवरचं मला दिसत न्हाय. रतन, तू लाव गं मागनं."

रतन पुढं आली. बोटांना लगदा गार लागत होता आणि त्याची मान मात्र ऊन ऊन. कानामागं एक गुळगुळीत डाग होता, रुपयाएवढा.

"हितं... भाजलंय?"

"काहिलीतला थेंब उडाला हुता. लई दिस झालं."

"दुखतंय?"

"आत्ता न्हाय दुखत," तो हळूच म्हणाला.

तिनं त्या डागाच्या कडेकडेनं बोट फिरवलं, रंग लागू नये म्हणून. जरा जास्तच जपून फिरवलं. कुंडलिक दगडासारखा निश्चल बसला होता, पण त्याचे कान लाल झाले होते. छबूबाई तांब्यातलं पाणी हातावर घेत दोघांकडं बघत होती. डोळे अधू होते तिचे, पण इतकेही नाही.

दोन तासांनी डोकं धुतलं. केस काळेभोर, कोवळ्या पोरासारखे! रतननं आरसा पुढं केला. त्यानं आरशात बघितलंच नाही. तिच्याकडंच बघून विचारलं, "कसा दिसतोय?"

"अठ्ठावीस..." ती म्हणाली. आणि आरसा पालथा घालून ठेवला. "जावा आता इंदापूरला. सोन्यासारखी बायकू मिळंल."

तो गेला. जाताना अंगणाच्या कडेला थांबून त्यानं एकदा मागं वळून बघितलं.

तो आठवडा रतनला सरता सरेना. मापात शिकेकाईऐवजी रिठे घालायची, गिऱ्हाइकानं हाक मारली तर दचकायची. इंदापूरची यष्टी वेशीजवळून धुरळा उडवत गेली की उगाच उठून बघायची. शुक्रवारी ती न्हायली. केस विंचरताना आरशात बघितलं, तर डाव्या कानशिलावर दोन पांढरे केस. आजवर तिनं ते कधी बघितले नव्हते असं नाही. पण बघून करायचं काय होतं? कुणाला दाखवायचं होतं डोकं?

कढईच्या बुडाशी मेंदी वाळून चिकटली होती. तिनं त्यात चमचाभर पाणी घातलं, बोटानं कालवली आणि कानशिलाला लावली. दाराकडं पाठ करून, चोरी केल्यासारखी.

"रतन, हात का गं काळं?"

छबूबाई दारात उभी होती. रतननं हात पदराआड घेतला.

"कढई घासत हुते, आत्याबाई."

"कढई हातानं घासत्यात. कानशिलानं न्हाय."

बस्स, एवढंच. त्या दिवशी म्हातारी जेवली नाही. भाकरी तशीच झाकून ठेवली आणि अंगणात भिंतीला टेकून बसून राहिली. रतन तिच्या पायाशी जाऊन बसली. "मी कुठं बी जात न्हाय, आत्याबाई. तुमची शपत," असं म्हणाली. छबूबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

बाजाराच्या दिवशी कुंडलिक आला. पटका काखेत, काळेभोर केस वाऱ्यावर उडतायत, आणि तोंडावर हसू.

"ठरलं वाटतं?" रतननं मान खाली घालून विचारलं.

"ऐका तर खरं! आमी गेलो. पोरगी पायरीवर सागरगोटं खेळत हुती. सतरा वरसांची आसंल. मला बघून आत वरडली – आई, नवरदेवाचं वडील आल्यात!"

रतनला हसू फुटलं. "आन् केस तर काळं हुतं!"

"केस काळं हुतं. पर माणूस काय निस्ता केसानं म्हातारा व्हतो? ती माझ्या लेकीच्या वयाची. म्या तितंच तिच्या बापाला म्हनलं, मामा, मी पस्तीस वरसांचा हाय, डोक्याला मेंदी लावलीया. माफ करा. चुलता आजून बोलत न्हाय माझ्याशी."

"मग... एवढा रंग वायाच गेला."

"वाया कसा जाईल?" तो खाली बसला. आवाज हलका केला. "तुमच्या डाव्या कानशिलावर दोन पांढरं केस हुतं. आज दिसत न्हाईत."

रतनचे हात शिकेकाईच्या ढिगात तसेच राहिले. ह्यानं कधी बघितले? म्हणजे बघत होता तर...

"मला बनवाबनवी जमत न्हाय," कुंडलिक म्हणाला, "म्हून सरळच इचारतो. माझ्यासंगं पाट लावशीला?"

बाजाराचा सगळा गलका जणू कुणी दूर नेऊन ठेवला. तिला हो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांपुढं आली ती भिंतीला टेकून बसलेली म्हातारी.

"न्हाय जमायचं," ती म्हणाली. "मी गेले तर आत्याबाईंस्नी कोण हाय?"

"त्यास्नी बी घिऊन चलू."

"सुनंच्या दुसऱ्या नवऱ्याच्या दारात? पाणीबी प्यायच्या न्हाईत त्या तितं. मानी बाई हाय. जावा तुमी... आन् परत नका येऊ. मला... मला सोसायचं न्हाय."

तो उठला. काखेतला पटका डोक्याला गुंडाळत गर्दीत निघून गेला.

दसरा झाला. कऱ्हेपल्याडच्या गुऱ्हाळाचा धूर दिसू लागला, वारा फिरला की गुळाचा वास घरापर्यंत यायचा. तसा वास आला की रतन दार लोटून घ्यायची. छबूबाई ते बघायची.

दिवाळीच्या आदल्या बाजाराला रतन दुपारीच घरी परतली, तर दाराला कडी. परड्यात नाही, देवळात नाही. शेजारच्या सरुबाईनं सांगितलं, "काठी घिऊन नदीकडं गेली. म्हनली, गुळव्याला गाठायचंय."

रतन धावत सुटली. कऱ्हेचं गुडघाभर पाणी तुडवून, उसाच्या बांधावरून धापा टाकत ती गुऱ्हाळावर पोचली. काहिलीत रस रटारटा उकळत होता. कुंडलिक हातात लांब दांड्याचं फावडं घेऊन उभा होता. केसांच्या मुळांशी पांढरं परत दिसू लागलं होतं. आणि चुलवाणाच्या उबेला पोत्यावर बसून छबूबाई ऊस खात होती.

"आलीस? बस," ती म्हणाली. "ह्येला इचारायला आले हुते, लगीन जमलं का दुसरीकडं. तर न्हाय म्हंतो. का म्हनून इचारलं तर मान खाली घालतो."

"आत्याबाई, घरला चला."

"थांब. मला बोलू दे." छबूबाईनं उसाचं कांडकं खाली ठेवलं. "ह्येनं समदं सांगितलं मला. तू म्हनलीस, ही म्हातारी कुणाच्या दारात जायाची न्हाय. खरं हाय ते. मला जावई नगं, न् कुणाचं दारबी नगं. पर माझं घर हाय, त्येला दार हाय. माझा गेणबा गेल्यापस्नं त्या दारातनं कुणी मला आई म्हनून हाक मारली न्हाय. म्या ह्येला इचारलं, गड्या, लेक म्हनून माझ्या घरात ऱ्हाशील का? तर ह्यो व्हय म्हंतो. आता तू काय म्हंतीस?"

रतननं कुंडलिकाकडं बघितलं. वाफेनं त्याचा चेहरा ओला झाला होता, की आणखी कशानं...

"आईनं इचारलंय," तो म्हणाला. "मी न्हाय इचारत. एकदा इचारून झालंय माझं."

"मग मी सांगते," रतन म्हणाली. "त्या दिवशी... नको म्हनले ना, ते खोटं हुतं. मेंदी लावताना तुमच्या त्या डागाभवती बोट फिरवलं म्या. तवापस्नं मन तितंच अडकलंय."

कुंडलिक बघतच राहिला. रस फुगून आला, सोनेरीचा तांबडा झाला, तांबड्याचा तपकिरी, आणि त्याच्या नाकाला वास म्हणून लागला नाही. पलीकडून आबासाहेब ओरडत आले, "आरं गुळव्या! काहील उतर की! करपलं समदं!"

"वरडू नगासा, मालक," छबूबाई शांतपणे म्हणाली. "त्येला आत्ता ऐकू यायाचं न्हाय."

मार्गशीर्षात, दिवस कलायच्या वेळी, छबूबाईच्या अंगणात पाट लागला. रतनच्या बाजूनं माहेरचे भाऊ आले होते. कुंडलिकाचा चुलता रुसून आलाच नव्हता. कुंडलिकानं ह्यावेळी डोक्याला काही लावलं नव्हतं, उलट रंगलेले केस कापून टाकले होते. पांढऱ्याशुभ्र केसांवर नवा पटका बांधून तो पाटावर एकटाच बसला होता. पाट लावून द्यायला बसलेल्या गावच्या जाणत्या तात्यांनी विचारलं, "नवरदेवाच्या बाजूनं कोण हाय?"

कुंडलिकानं मान खाली घातली.

तेवढ्यात भिंतीपासून काठीचा आवाज आला. छबूबाई उठली. सावकाश चालत माणसांमधून पुढं आली आणि त्याच्या मागं उभी राहून खांद्यावर हात ठेवला.

"मी हाय," ती म्हणाली. "त्येची आई."

पस्तिशीचा तो गडी लहान पोरासारखा हमसाहमशी रडू लागला. बायका कुजबुजल्या, पुरुष इकडंतिकडं बघू लागले. रतननं कुणाकडंच बघितलं नाही. ती जरा पुढं सरकली, पदराचं टोक हातात घेतलं आणि सगळ्यांच्या देखत त्याचे डोळे पुसले.