डावा वर, उजवा खाली

विमानाच्या केबली उलट जोडणं फार सोपं असतं. शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतो. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी फळी असते, ती एलेरॉन. वैमानिकाच्या हातातला दांडा, म्हणजे स्टिक, डावीकडे नेली की डावा एलेरॉन वर, उजवा खाली, आणि विमान डावीकडे कलतं. केबली उलट लागल्या तरी फळ्या हलतातच. त्या हलताना पाहून गाढवं माना डोलावतात. म्हणून एकाने आत बसायचं, दुसऱ्याने पंखापाशी उभं राहून मोठ्याने बोलायचं. काय व्हायला हवं ते नाही, दिसेल ते. पाठ केलेलं बोलणाऱ्यांनी माणसं मारली आहेत.

त्या दुपारी पंखापाशी माझी भाची होती. धाकट्या बहिणीची मुलगी, वैमानिक. जुन्या विमानात आम्ही नव्या केबली घातल्या होत्या आणि चार वाजता त्यानंतरचं पहिलं उड्डाण ती एकटी करणार होती. वर्कशॉपच्या मालकाला ते गिऱ्हाइकाला दाखवायची घाई. "अहो, उरका की," असं दोनदा दारातून ओरडून गेला होता.

हँगरचे पत्रे तापून टकटक वाजत होते. मी आत बसलो, स्टिकवर हात ठेवला.

"डावा वर," भाची म्हणाली.

"अगं, मी अजून हलवली कुठे?"

"ते मला काय माहीत? दिसतंय ते सांगतेय."

"पाठ करून आलीस वाटतं."

"पाठांतर तुमच्या पोरांना लागतं, मामा."

मी हसलो. स्टिक डावीकडे नेली.

"उजवा वर," ती म्हणाली.

खाली उतरलो. स्टिकपासून पंखापर्यंत केबल हाताने चाचपत गेलो, एकेक पुली पाहिली. कुठेही उलट नव्हती. मग पिन घातली. ती घातली की स्टिक मधोमध अडकते आणि फळ्या जागच्या हलत नाहीत. दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. हललं नाही.

"आता बोल."

"सपाट. डावा थोडा वर. परत सपाट. आता उजवा वर."

मी मान बाहेर काढली. दोन्ही फळ्या पंखाशी सपाट होत्या. भाचीची नजर मात्र फळीवर खिळून वरखाली होत होती.

"चेष्टा पुरे."

"मी कशाला चेष्टा करू? मलाच उडवायचंय हे."

हा क्रम मला ठाऊक होता. जमीन सोडली की एक वळण डावीकडे, मग सरळ, मग उजवीकडे. पहिल्या उड्डाणाला प्रत्येक वैमानिक हेच करतो. चार वाजता तीही हेच करणार होती.

"डावा वर," ती म्हणाली. "अजून वर. मामा, तो खाली येत नाहीये."

मी पाना उचलला.

केबली सोडवल्या, ओढून बाहेर काढल्या, वेटोळं करून गळ्यात घातलं. मालक धावत आला.

"अक्कल गहाण टाकलीत का? गिऱ्हाईक फाटकात आलंय."

"विमान उडणार नाही."

"कारण?"

"केबली नाहीत."

"गळ्यात काय हार आहे?"

"हवं तर काढून टाका मला. पण ही पोरगी यात बसणार नाही. बसवायचीच असेल तर आधी माझ्या गळ्यातून हे काढून दाखवा."

त्याने आईबहिणीवरून एक शिवी घातली आणि गिऱ्हाइकाला सांभाळायला गेला.

चार वाजले. भाची हातभर अंतरावर, जमिनीवर, धडधाकट उभी होती. मी पाना खाली ठेवला.

"चल घरी. तुझी आई वाट बघत असेल."

ती हलली नाही. बिनकेबलीची फळी खाली लोंबत होती, आणि ती तिकडेच बघत होती.

"काय दिसतंय?" विचारायला नको होतं.

"पंख नाही दिसत आता."

"मग?"

"गवत," ती म्हणाली.

आणि गवताचं पातं डोळ्यात टोचावं तसा तिने एक डोळा मिटून घेतला.