जनीची केरसुणी

दोष चांगदेवचा होता. मोरूकाका गोष्टीला बसला की पहिलं हेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी अमावास्येला नाहीतर नशिबाला मध्ये ओढत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना ती खोडच आहे. करायचं आपण आणि नाव लावायचं ग्रहांचं. मोरूकाका स्वतः अडुसष्ट वर्षांचा, पण या एका गोष्टीत तो कुणाला सोडत नाही. स्वतःलाही.

परवाच्या कोजागिरीला सुजितच्या गच्चीवर दूध आटत होतं. चंद्र माडांच्या वर आलेला. साक्षी पळीने साय मोडत बसली होती, बाकीची पोरं मोबाईलमध्ये डोकी घालून.

"काका, भुताची सांगा," सुजित म्हणाला. "पण खरी. गेल्या वर्षीची चकव्याची नको. तो चकवा बाटलीतला होता, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"बाटली पन खरीच व्हती," मोरूकाका म्हणाला. "ही चांगदेवची हाय. ऐकायची तर ती डबडी बंद करा."

चांगदेव म्हणजे मोरूकाकाचा शेजारी, भिंतीला भिंत. हरिहरेश्वरच्या अलीकडे, खाडीच्या काठाला हे गाव. चांगदेवच्या घरात तो, त्याचा मुलगा निकेत आणि सून पूनम. शिवाय एकेचाळीस वर्षं त्याची बहीण जनी. लग्नाला सात महिने होतायत तोवर जनीचा नवरा गेला. सासरच्यांनी तिला भावाच्या अंगणात आणून सोडलं, आणि त्या दिवसापासून चांगदेवने तिचं नाव पाडलं अवदसा. गाय आटली, अवदसा. पावसाने उभं भात आडवं केलं, अवदसा. त्याची बायको तापाने गेली, तेव्हाही तोच शब्द. जनी ऐकून घ्यायची आणि झाडायला लागायची.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, उजाडायच्या आत, घरातली अवदसा बाहेर काढायची रीत आहे. अगदी आतल्या खोलीपासून दारापर्यंत घर झाडायचं. तो केर जुन्या टोपलीत भरायचा, वर एक पणती ठेवायची आणि वेशीवर नेऊन टाकायचा. पुढे एकाने थाळी बडवत चालायचं. टोपली नेणाऱ्याने ती वाटेत खाली ठेवायची नाही, बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. चांगदेवच्या घरी हे काम एकेचाळीस वर्षं जनीने केलं. जिला वर्षभर अवदसा म्हणायचे, तीच दिवाळीला अवदसा बाहेर टाकून यायची आणि आल्यावर भावाच्या अंघोळीचं पाणी तापवायची. यात काही चुकतंय असं गावातल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही.

दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात जनी गेली. पितृपक्षात चांगदेवने आईबापाचं पान वाढलं, बायकोचं वाढलं. जनीचं नाही. पुढच्या वर्षी पूनमचं पहिलं मूल पोटातच गेलं. तेवीसच्या दिवाळीला तिला पुन्हा सातवा महिना लागला होता आणि चांगदेवची झोप उडाली होती. नातवंड सुखरूप यावं, आपल्या अंगाखांद्यावर खेळावं, एवढंच त्याला हवं होतं. हे मोरूकाका मुद्दाम सांगतो. मागणं वाईट नव्हतं. मागणारा होता.

तारीख बारा नोव्हेंबर, रविवार. म्हणजे खरं तर सोमवार लागलेला, पहाटेचे साडेतीन. निकेत महाडला कंपनीत रात्रपाळीला. पूनमला वाकणं जमत नव्हतं, ती आत झोपलेली. चांगदेवने जन्मात पहिल्यांदा स्वतः घर झाडलं आणि टोपली घेऊन मोरूच्या दारात उभा राहिला.

"मोरू, थाळी घे."

"चहा ठेवलाय. घोटभर घे."

"चहा काय पळून जातोय? वेशीवर जाऊन येऊ. पंधरा मिनटांचं काम हाय."

मोरूने पणतीच्या उजेडात टोपलीत पाहिलं. केर मूठभर. त्याखाली निळ्या काठाची गोधडी, चार घड्या केलेली. जनीची. घडीतून तिच्या चष्म्याची दांडी बाहेर आलेली.

"ह्ये काय रं?"

"तिचं हाय. ह्येच ऱ्हायलंय घरात, म्हनून पोरीला तरास."

"केर टाकतात, चांगदेव. मानसाचं अंथरून टाकत न्हाईत."

"मानूस हाय कुठं आता?"

इथे मोरूकाका थांबला. "तवाच मी थाळी खाली ठेवाया हवी व्हती," तो म्हणाला. "ठेवली न्हाय. शेजाऱ्याशी वाकडं कशाला, म्हनून. गॅस बंद केला आन निघालो."

साक्षीने पळी बाजूला ठेवली.

गावाची वेस म्हणजे खाजणावरची, खाडीच्या दलदलीवरची छोटी मोरी, घरापासून पाचशे पावलं. वाट लाल मातीची. मोरू पुढे थाळी बडवत, चांगदेव दहा पावलं मागे, टोपली डोक्यावर. हवेत फटाक्यांचा वास राहिलेला. पुढे काय काय झालं ते चांगदेवने मागाहून मोरूला सांगितलं, बरेच दिवसांनी, तुकड्या-तुकड्यांनी.

शाळा मागे पडली तेव्हा आवाज आला.

खर्र...

माडाची झावळी घसटली असेल, असं चांगदेवला वाटलं. पण वारा नव्हता.

खर्र... खर्र खर्र...

केरसुणी होती. मातीवर चालत होती. एक लांब हात, मग दोन छोटे. एक लांब, दोन छोटे. हे झाडणं त्याने एकेचाळीस वर्षं रोज पहाटे अंथरुणात पडून ऐकलं होतं.

पुढे थाळी थांबली. मोरूनेही ऐकलं.

बडव, असं चांगदेवला ओरडायचं होतं. पण टोपली नेताना बोलायचं नव्हतं. मोरूने थाळी पुन्हा धरली, जिवाच्या आकांताने बडवली. थाळीच्या आवाजाखाली तो आवाज बुडाला नाही. तेवढाच राहिला. शांत. रोजचा.

"तुम्ही मागे बघितलं?" सुजितने विचारलं.

"न्हाय."

"नियम म्हणून?"

"भ्यालो म्हनून."

चांगदेवच्या मनात आलं, टोपली टाकावी आणि पळावं. हात टोपलीवरून सुटेनात. तो उभा राहिला. आवाज उभा राहिला नाही. जवळ आला. आणखी जवळ...

टाचेला काहीतरी लागलं.

केरसुणीची टोकं. एकदा. मग पुन्हा. त्यात राग नव्हता. केर पुढे लोटताना हात जेवढा जोर लावतो, तेवढाच. त्याने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. थांबला की टाचेला टोकं लागत. चालला की मागून नुसतं खर्र... खर्र खर्र. घरापासून झाडत आणलेलं काहीतरी वेशीकडे निघालं होतं, आणि ते टोपलीत नव्हतं. हे त्याला कळलं. कळून करणार काय? हात वर अडकलेले. तोंड बंद. मागे बघायचं नाही.

मोरी आली. हात सुटले आणि चांगदेवने टोपली खाली टाकली. पणती विझली.

आता घरी जायचं. घर मागे होतं.

मोरूने डोळे मिटले, थाळी छातीशी धरली आणि वळून चालू लागला. तो चांगदेवच्या अंगावरून गेला, आणि पुढे आणखी कुणाच्या तरी अंगावरून. चुलीचा धूर आणि तापल्या पाण्याची वाफ, एवढंच त्याला जाणवलं. त्याला कुणी अडवलं नाही.

"चांगदेवचा हात धरून आनाया हवा व्हता," मोरूकाका म्हणाला. "हाताच्या अंतरावर व्हता. म्या हात पुढं केलाच न्हाय."

चांगदेवने मान खाली घातली आणि घराकडे पाऊल टाकलं.

खर्र.

आता पायाच्या बोटांना. तो एक पाऊल मागे सरला. पुन्हा खर्र. पुन्हा मागे. मोरीचा कठडा बाजूने गेला. पायाखाली खाजणाचा चिखल लागला, गार. वेस त्याच्या पुढ्यात होती आणि तो तिच्या पलीकडे होता.

तेव्हा तो बोलला.

"जने..."

पुढचा शब्द त्याला सुचेना. शिव्या सुचत होत्या, हुकूम सुचत होते. चहा आण, पाणी आण, हो बाजूला. दुसरं काही त्या बाईशी तो कधी बोललाच नव्हता.

"जने, अगं..."

कुणी रडलं नाही, कुणी हसलं नाही. मोरीच्या अलीकडे मातीवरून केरसुणी फिरत राहिली. एक लांब. दोन छोटे...

मग तीही थांबली. मग काहीच नाही. ते सगळ्यात वाईट होतं, असं चांगदेव सांगतो.

सकाळी सात वाजता निकेत पाळी संपवून मोटारसायकलवर आला. बाप मोरीपलीकडे चिखलात बसलेला. निकेतने त्याला काखेत धरून उठवलं. मोरीपाशी आला की म्हातारा पायाची बोटं आखडून घ्यायचा आणि म्हणायचा, "लागतंय, लागतंय." चौघांनी उचलून न्यायचं ठरवलं, तर गुरासारखा ओरडायला लागला. पायावर ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टर झाला, भगत झाला. पुढच्या अमावास्येला जनीचं पान वाढून झालं. कावळा शिवला. चांगदेव मोरीवर आला आणि बोटं आखडून मागे सरला.

टोपलीत काय होतं ते पूनमला त्याच सकाळी कळलं. ती पोटावर हात ठेवून दारात उभी राहिली आणि वाटेकडे बघत राहिली. तेव्हा मग सगळ्यांनीच बघितलं.

दारापासून मोरीपर्यंत वाट झाडलेली होती. लाल मातीवर केरसुणीच्या रेषा, एकीला एक लागून. त्या रेषांवर मोरूच्या चपलांचे ठसे होते, जातानाचे आणि येतानाचे, नक्षीसकट. मोरू पुढे चालला होता, केरसुणी मागून आली होती. तरी त्याचा एकही ठसा पुसला नव्हता. चांगदेव त्याच वाटेने अनवाणी गेला होता. त्याच्या पावलाचं एक बोटसुद्धा कुठे उमटलेलं नव्हतं.

गच्चीवर दूध करपल्याचा वास सुटला. साक्षीने पातेलं उतरवलं नाही.

"आणि आता?" तिने विचारलं.

चांगदेव मोरीपलीकडे कोळंबीच्या बंद पडलेल्या शेडमध्ये राहतो. निकेत दोन वेळचा डबा ठेवून येतो. फेब्रुवारीत श्रीवर्धनच्या दवाखान्यात पूनमला मुलगी झाली, सुखरूप. पोर आता अंगणभर धावते. पूनम तिला मोरीकडे नेत नाही. चांगदेवने नातीला अजून पाहिलेलं नाही.