सरळ पडणारी गोटी

"थांब आजी!" म्हणत तन्मयीनं आपलं ताट चार बोटं डावीकडे सरकवलं आणि शरयूबाईंनी उंचावरून सोडलेली तुपाची धार बरोबर भातावर झेलली. स्वतःच्या भातावर मात्र बाईंना इथे आल्यापासून एकही थेंब नीट पाडता आला नव्हता.

चक्रवस्ती म्हणजे अवकाशात स्वतःभोवती फिरत राहणारं भलंमोठं चाक. त्या फिरण्यामुळे माणसं चाकाच्या कडेवर दाबली जातात, आणि या दाबालाच तिथे वजन म्हणतात. पण हातातली वस्तू सोडली, की ती पडेपर्यंत पायाखालची जमीन जराशी पुढे सरकलेली असते. त्यामुळे वस्तू बाजूला पडते. गोटी आणि ओळंबा घेऊन कराडच्या पोरांना उभा जन्म गुरुत्वाकर्षण शिकवलेल्या बाईंना हा प्रकार मुळीच रुचला नव्हता. वस्तीत शाळा नव्हती, लेक-जावयाला कामातून उसंत नव्हती, म्हणून त्या नातीला कराडला न्यायला आल्या होत्या. तिची खोलीसुद्धा त्यांनी रंगवून ठेवली होती.

"बाई, आधी एक चाचणी करू," वस्तीच्या डॉक्टर नझनीन मुजावर म्हणाल्या. "आपल्या कानात पाण्यानं भरलेल्या तीन बारीक कमानी असतात. तोल सांभाळतात त्या. तुमच्या-माझ्या कमानी पृथ्वीवर शिकल्या, हिच्या मात्र जन्मापासून या फिरत्या जमिनीवर."

"मग पुन्हा शिकतील की! माझ्या हाताखाली भले भले ढ शिकले."

"शिकल्या तर मलाही आनंदच आहे. पण एका वयानंतर ही घडी मोडत नाही. तेच बघायचंय."

चाचणी वस्तीबाहेर, एका छोट्या अवकाशनौकेत होती; नौकेचं इंजिन सतत जोर लावत असलं, की आतली वस्तू पृथ्वीवरच्यासारखी सरळ खाली पडते. तिघी नौकेत बसल्या. वस्ती मागे पडली तसं बाईंचं डोकं गरगरायचं थांबलं, आणि त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. तन्मयी मात्र खुर्ची घट्ट धरून बसली होती.

"एका हातानं गोटी सोड, दुसऱ्यानं झेल," बाई म्हणाल्या.

गोटी सरळ खाली गेली. पोरीचा हात डावीकडे गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रडकुंडीला येऊन तिनं आजीकडे मान वळवली मात्र, तिच्या लेखी सगळी नौकाच उलटीपालटी झाली. तिला भडभडून ओकारी आली.

बाईंनी तिला पोटाशी धरलं.

"जन्मभर असंच होईल?" त्यांनी विचारलं.

"पृथ्वीवर राहिली तर. मान वळवली की प्रत्येक वेळी," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"आजी," तन्मयी हुंदके देत म्हणाली, "इथली गोटी वाकडी पडते. तुझ्याकडेपण अशीच पडते?"

वर्गात बाईंनी कधी एकही चुकीचं वाक्य उच्चारलं नव्हतं.

"हो गं राणी," तिचे केस सारखे करत त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्याच गोट्या वाकड्या पडतात. तू नको हं येऊस तिकडे."