सात नंबरचा बिल्ला

त्या दुपारी मी सोसायटीत फक्त एक वायर पोचवायला गेलो होतो. सम्यकचा फोन आला होता, "धर्मा, तुझ्याकडं लांब एक्स्टेंशन आहे ना? घेऊन ये, इथला प्लग ठिणग्या मारतोय." जेवण झालं होतं, दुसरं काम नव्हतं. मासेमारी बंदीचे दिवस. गावातल्या सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. वायर खांद्यावर टाकली आणि निघालो.

आमचं बंदर मुरुडच्या अलीकडं. धक्क्यावर मच्छीमार सोसायटी. खाली डिझेलची पिंपं, वर कार्यालय. तिथं बावीस वर्षं जुना कॉम्प्युटर होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. मी सातवीत शाळा सोडली, पण तो कसा चालतो ते गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. होडी निघाली की सोसायटीचे सचिव रावजीकाका किती माणसं गेली ते टाकायचे, परत आली की किती आली ते. माणसं मोजायची बिल्ल्यांवरून. भिंतीवर एक फळी, तिला खिळे, प्रत्येक खलाशाचा एक नंबर. जाताना पत्र्याचा बिल्ला गळ्यात घालायचा, आल्यावर खिळ्याला अडकवायचा. बिल्ला नसेल त्याला होडीचा प्रमुख, तांडेल, होडीवर घेत नाही. गेलेली आणि आलेली माणसं जुळली नाहीत, तर कॉम्प्युटर फेरी बंदच करायचा नाही. तो प्रोग्राम ज्यानं केला तो माणूस कधीच वारला. आत काय आहे ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून तर सोसायटीच्या समितीनं पालीहून कॉम्प्युटरवाल्या सम्यकला बोलावलं होतं. नारळी पौर्णिमेला होड्या सुटायच्या, त्याआधी सगळं नव्या मशीनवर यायला हवं होतं.

मार्चमध्ये आमची 'सोनाबाई' सहा माणसं घेऊन गेली आणि पाच घेऊन आली.

होडीखालच्या पंख्यात जाळं गुंतलं होतं. पाण्यात उतरायची पाळी माझी होती. मी कमरेला दोरी बांधत होतो, तेवढ्यात माझ्या थोरल्या भावानं, सुजितदादानं, ती माझ्या हातातून ओढून घेतली. "तू बस. तुला दम नाही, घाई करशील." तो उतरला. दोरी वर आली. दादा आला नाही. त्याच्या गळ्यात सात नंबरचा बिल्ला होता. माझा आठ.

देह सापडला नाही. आमच्याकडं देह सापडेपर्यंत 'मेला' म्हणत नाहीत, 'बाहेर आहे' म्हणतात. कॉम्प्युटरही तेच म्हणत होता. रावजीकाकांनी पाच टाकलं, त्यानं घेतलं नाही. 'सोनाबाई. गेले ६. बाहेर.' ती ओळ पडद्यावर सगळ्यात वर राहिली. भाविकावहिनी दर शुक्रवारी बाजारची टोपली घेऊन तिथं यायची, ती ओळ बघायची आणि निघून जायची. एकदाच म्हणाली, "भावजी, ही पुसू देऊ नका हां."

मी वर गेलो तेव्हा रावजीकाका खुर्चीत डोळे मिटून बसले होते. सम्यकचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"झालं का रे?"

"अकरा हजार फेऱ्या नव्यात गेल्या. एक अडकलीय." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "तुमची. नव्यात मी ती उघडीच ठेवीन, पण जुना ती सोडतच नाही. दोन दिवस द्या, आतून शोधतो."

"दोन दिवस, दोन दिवस करत महिना झाला," रावजीकाका म्हणाले. "समिती माझ्या डोक्यावर बसली हाय. एका मानसापायी सगळा गाव अडकलाय."

"तुमचा माणूस नाही ना तो! म्हणून!" मी ओरडलो. वायर जमिनीवर आपटली.

"धर्मा, त्याला पवायला मीच शिकवला," काका एवढंच बोलले. चष्मा पुसत जिना उतरून गेले. सम्यक त्यांच्यामागं धावला. जाता जाता म्हणाला, "कशाला हात लावू नकोस हां."

मी लावला. काम उरकावं म्हणून नाही. कुठंतरी, एका ठिकाणी तरी, सहा आले असं लिहिलेलं मला बघायचं होतं. सहाचं बटण दाबलं. मग एंटर.

'फेरी पूर्ण. दुपारी ३.४०.'

आणि ती ओळ गेली. वहिनीची ओळ. तेव्हा कुठं मला कळलं मी काय केलं ते. मी बटणं दाबत सुटलो, एकही चालेना. कॉम्प्युटरची घरघर बंद पडली. खोलीत एवढी शांतता झाली की भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणं मोठं वाटलं.

मग खालून इंजिनाचा आवाज आला.

डुग डुग डुग... मधेच एक ठोका चुकून परत डुग डुग. तो ठोका मला झोपेतही ओळखू येईल. 'सोनाबाई'चा. मी खिडकीतून बघितलं. 'सोनाबाई' समोर वाळूत होती, ताडपत्रीखाली, दोऱ्या तशाच आवळलेल्या. धक्का मोकळा. पण आवाज धक्क्याला लागला आणि थांबला. ओली दोरी दगडावर पडावी तसं काहीतरी थपकन पडलं. डिझेलचा वास आला, भिजल्या जाळ्याचा आला, आणि त्यात आणखी एक वास, खूप दिवस पाण्यात राहिलेल्या लाकडाचा.

जिन्यावर पावलं. सावकाश.

मला वळता येईना. मी पडद्याकडं तोंड करून उभा राहिलो. काळ्या काचेत मागचं दार दिसत होतं, पण मी डोळे मिटून घेतले. पावलं माझ्या मागून फळीपर्यंत गेली. टिन्... पत्रा खिळ्याला लागला. थोडं थांबून, परत टिन्... मग पावलं उतरून गेली.

किती वेळ गेला माहीत नाही. सम्यक दारात उभा होता, कठडा धरून.

"कोण रे तो?"

"कोण?"

"जिन्यात... भिजलेला. मी बाजूला झालो. तुझ्यासारखाच दिसायला, थोडा मोठा." त्याचा आवाज खाली गेला. "मला विचारलं... 'सहा लिहिलं ना?'"

"तू काय म्हणालास?"

"मला काय माहीत? मी हो म्हणालो... गळ्यात बिल्ला होता त्याच्या. आठ नंबरचा."

आम्ही दोघांनी फळीकडं बघितलं. सातच्या खिळ्याला बिल्ला होता. गंजलेला, कडेला बारीक शिंपल्या चिकटलेल्या, खाली पाण्याचे थेंब गळत होते. आठचा खिळा रिकामा होता.

जुना कॉम्प्युटर आता गोणीत बांधून ठेवलाय. नवा लागला, चांगला चालतो, रंगीत आहे. फक्त पहिल्या दिवसापासून त्यात सगळ्यात वर एक ओळ आहे. होडीचं नाव नाही. 'खलाशी नंबर ८. गेले १. बाहेर.' सम्यकनं चारदा काढली. चारदा आली. रावजीकाकांनी मला दोनदा नवा बिल्ला कापून दिला. दोन्ही वेळा सकाळी खिळा रिकामा आणि खालची फळी ओली. बिल्ला नाही म्हणून तांडेल मला घेणार नाही.

वहिनी म्हणते, "तुम्हाला जाऊ देत नाहीयेत ते, भावजी. अजून तेच, 'तू बस'." मीही तसंच धरून चाललो होतो. त्यानं बरं वाटायचं.

आज संध्याकाळी सम्यकचा फोन आला. आधी त्यानं विचारलं, "तू घरीच आहेस ना?" मी हो म्हणालो. मग त्यानं पडद्यावरचं वाचून दाखवलं.

"तुझ्या ओळीत आल्याची नोंद पडलीय. वेळ उद्याची, दुपारी ३.४०. आणि माणसं..."

"किती?"

"गेले एक. आले दोन."

उद्या नारळी पौर्णिमा. फोनचं मी वहिनीला काही सांगितलेलं नाही. मार्चपासून घरात आम्ही दोघंच. ती आत नारळी भाताचे तांदूळ निवडतेय. मघाशी पाणी प्यायला गेलो, तर तिनं उद्यासाठी ताटं घासून पालथी घालून ठेवली होती.

तीन.